परक्या जंतूंची वसाहत

मोठ्या आतड्याच्या अस्तरास व्रण पाडून रक्तमिश्रित जुलाबांनी रोग्यास हैराण करणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर निरोगी माणसाची विष्ठा हा उतारा ठरू शकेल, हे ऐकून सुसंस्कृत वाचक नाक मुरडतील. परंतु शास्त्राला असला सोवळेपणा परवडत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ७५ रोग्यांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दात्याची विष्ठा पाण्यात कालवून तो ५० मिलिलिटर द्रव आठवड्यातून एकदा, याप्रमाणे सहा आठवडे, सुमारे निम्म्या रोग्यांना एनिमावाटे देण्यात आला व उरलेल्यांस नुसते पाणी मिळाले. तेव्हा पहिल्या गटातील २४ व दुसऱ्यातील ५ टक्के रोग्यांचा आजार शमला. खरी मौज पुढेच आहे: विष्ठेने गुण आलेल्या नऊ जणांपैकी सातांना एकाच दात्याचा माल पोचला होता!

दात्याच्या विष्ठेतील नव्या जंतूंनी जम बसविला, म्हणजे आतड्यातील जंतूंचे वैविध्य वाढते, आणि त्यांतील काही जाती न पचलेल्या तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट नामक द्रव्य निर्माण करतात, जे अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन असून दाहालाही आवर घालते. मात्र ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या प्रयोगात, अनेक दात्यांचे मिश्रण आठवड्यातून पाच दिवस देऊनही, फ्यूजोबॅक्टेरियम नामक जंतू ठाण मांडून बसलेल्या रोग्यांच्या बाबतीत बहुधा डाळ शिजली नाही.

दात्याची झडती कसून घ्यावी लागते, हे निराळेच. २०१९ साली अमेरिकेत प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय जंतू अशा विष्ठेतून पोचून एक रोगी दगावला, तेव्हा तेथील सरकारी औषधखात्याने अशा जंतूंसाठी दात्यांची तपासणी सक्तीची केली.