स्वस्त मिक्सर घ्यावा का?

मिक्सर म्हटला की चटणी वाटण्याचे यंत्र डोळ्यांपुढे येते. पण स्नेहसंमेलनात रंगमंचाच्या बाजूला असतो तो मिक्सर निराळा. दोन-तीन माइक, संगणक, मोबाइल यांच्याकडून येणारे विद्युत संकेत तो कमीजास्त करतो, एकत्र मिसळतो आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. डीजेच्या मिक्सरवर एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद जाण्यासाठी एक आडवी सरकपट्टीही असते.

समजा, नागपूरच्या एखाद्या शाळेला असा मिक्सर घ्यायचा आहे. बर्डीच्या बाजारात एक नामांकित कंपनीचा आहे, तर दुसरा त्याच्या चौथाई किमतीचा. पैसे मुलांच्या वर्गणीचे. कोणता घ्यावा?

आधी स्वस्ताई येते कोठून ते पाहू. माइककडून येणारा विद्युतदाब असतो अवघा काही सहस्रांश व्होल्ट. मिक्सर तो शेकडो पट वाढवतो. या कामासाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘५५३२’ सारख्या, स्वतःची खरखर फार कमी असणाऱ्या चिप निघाल्या. स्टुडिओतल्या महागड्या मिक्सरमध्ये बसणारी ही चिप आज थोडक्या रुपयांत मिळते. त्यामुळे स्वस्त मिक्सरचा मेंदू वाईटच असेल असे नाही. काटकसर होते ती बटणे, सरकपट्ट्या, खोबण्या आणि वीजपुरवठ्याचा भाग यांत.

म्हणून दुकानातच दोन प्रयोग करा. माइक जोडा, पण त्याचे बटण बंद ठेवा. मिक्सरचा आवाज नेहमीइतका वाढवून कान द्या. ‘सूंऽ’ असा आवाज आला, तर ती पहिल्या टप्प्यातील खरखर. संकेताबरोबर तीही शेकडो पट वाढते आणि पुढे काढून टाकता येत नाही. ‘घूंऽ’ असा जाड आवाज आला, तर घरातील विजेची ५० हर्ट्‌झची कंपने किंवा त्यांची दुप्पट आत शिरत आहेत. दोष वीजपुरवठ्याचा, केबलचा किंवा अर्थिंगचा. आता गाणे लावून प्रत्येक बटण हळूहळू फिरवा. ‘खर्र’ झाले, तर आतील पट्टीवरचा स्पर्श नीट नाही. डीजेची आडवी सरकपट्टी सर्वांत आधी झिजते. ती बदलून मिळते का, हे विचारून घ्या.

अ‍ॅम्प्लिफायर घेताना मात्र खोक्यावरच्या ‘१००० वॅट’ला भुलू नका. मागच्या पट्टीवर तो किती वीज घेतो ते वाचा. ६० वॅट घेणारे यंत्र सतत ६० वॅटपेक्षा अधिक शक्ती देऊच शकत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकलाच आहात! शिवाय वॅट दुप्पट केले, तरी आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते.

लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणला, की ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो आणि स्पीकरकडे जादा शक्ती जाते. १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी जवळपास २०० वॅटही देऊ शकतो. मग उंच पट्टीच्या नाजूक स्पीकरची तार जळते.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून हवेत जाते आणि तिचा वेग दोहोंच्या तपमानातील फरकावर अवलंबून असतो. पट्ट्या ६५ अंशांपर्यंत तापू देणे सुरक्षित आहे असे धरा. हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ४० अंशांचा. मे महिन्यात पारा ४५वर गेला, की फरक उरतो २० अंशांचा. म्हणजे उष्णता निम्म्याच वेगाने बाहेर जाणार! थंडीतल्या संमेलनात बिनतक्रार चाललेले यंत्र उन्हाळी शिबिरात बंद पडते, त्यामागे हे कारण असू शकते. पट्ट्या मोठ्या आहेत का, भोवती हवा खेळते का, हे पाहूनच पैसे मोजा.

तेव्हा वर्षातून चार-पाच कार्यक्रम करणाऱ्या शाळेने दोन्ही प्रयोगांत उतरलेला स्वस्त मिक्सर खुशाल घ्यावा. वाचलेले पैसे चांगला माइक, स्पीकर आणि केबल यांवर खर्चावेत. रोज यंत्र उचलून गावोगाव नेणाऱ्याला मात्र मजबूत बटणांचा महाग मिक्सरच शेवटी स्वस्त पडेल.

तुमच्या शाळेतील अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची पट्टी उद्याच वाचा. खोक्यावरचा आकडा आणि हा आकडा यांत किती अंतर आहे?