विजेच्या गिटारचा कान

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधीं एका विद्यार्थ्याचे वडील चिंतातुर मुद्रेनें मजकडे आले. मुलाच्या विजेच्या गिटारच्या जाड तारा ढोलासारख्या घुमत, बारीक तारा जेमतेम ऐकूं येत, आणि वरच्या पडद्यांवर बोट ठेवतांच सूर डळमळे. "वाद्यच खोटें निघालें; आतां दुसरें घ्यावें तर परवडावें कसें?" असें ते कष्टानें म्हणाले. वाद्य पाहतांच ध्यानांत आलें कीं, दोष वाद्याचा नसून त्याच्या पिकअपच्या कलाचा होता. हा कल म्हणजे काय, हें आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें म्हणून हा लेख.

साध्या गिटारचा नाद तिच्या पोकळ लांकडी पेटींत वाढतो. विजेच्या गिटारला ऐकण्यासाठीं निराळाच कान असतो, तोच पिकअप. त्यांत चुंबकांभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदललें कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. पोलादी तार चुंबकावर कंप पावते, तेव्हां नेमकें हेंच घडतें. आणि ती क्षीण वीज वाढवून कर्ण्यांतून आपण ऐकतों.

आतां मोकळी तार छेडून नीट पाहा. ती मध्यभागीं पुष्कळ हालते, घोडीपाशीं अगदीं थोडी. म्हणून दांडीजवळचा पिकअप भरदार व गोल नाद टिपतो, तर घोडीजवळचा तीक्ष्ण व झगझगीत. लिओ फेंडर यांच्या कारखान्यांतून १९५४ सालीं निघालेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारींत घोडीजवळचा पिकअप तिरपा बसविलेला आहे. त्याचें बारीक तारांकडील टोंक घोडीच्या जवळ, व जाड तारांकडील टोंक किंचित् दूर असतें. त्यायोगें बारीक तारांस धार येते व जाड तारांस भरदारपणा राहतो. अमेरिकेचे डावखुरे वादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवीत; अर्थात् त्यांच्या तारांखालीं हा तिरपेपणाही उलटा होई.

हा तिरपेपणा कारागिरानें ठरविलेला असतो. परंतु दुसरा एक कल आपल्या हातीं आहे. पिकअपच्या दोन्ही टोंकांस एकेक स्क्रू असतो. त्यानें तें टोंक वर किंवा खालीं करतां येतें. जाड तार अधिक जोरानें बोलते, म्हणून तिची बाजू किंचित् खालीं व बारीक तारांची बाजू किंचित् वर ठेवावी. आमच्या विद्यार्थ्यानें, आवाज मोठा व्हावा या हौसेनें, जाड तारांची बाजू अगदीं तारेला भिडविली होती. चुंबक फार जवळ आला म्हणजे तो तारेला ओढून धरतो. तिचें कंपन मोकळें राहत नाहीं व सूर बिघडतो. अतिपरिचय येथेंही बाधक ठरतो!

उपाय सोपा आहे. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्या व चुंबकाच्या माथ्यामधील अंतर मोजावें. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींत आरंभीं जाड तारेखालीं सुमारें २.४ मिलिमीटर व बारीक तारेखालीं सुमारें २ मिलिमीटर अंतर ठेवावें. नंतर एका वेळीं स्क्रूचा अर्धाच फेरा देऊन सर्व तारा सारख्या जोरानें छेडाव्या. किती फेरे दिले तें कागदावर टिपावें, म्हणजे चुकल्यास मागें फिरतां येतें. मोजपट्टीनें आरंभ करावा. शेवटचा निवाडा मात्र कानानेंच करावा.

ज्या पिकअपमध्यें दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं असतात, तेथें आणखी एक गोष्ट पाहावी. त्याचा माथा तारांच्या रेषेशीं समांतर असावा. तो पुढें अथवा मागें झुकला, तर तारेजवळचें वेटोळें अधिक बोलतें व दुसरें मागें पडतें.

आमच्या विद्यार्थ्यानें अर्धा तास बसून हें सारें स्वतः केलें. नवें वाद्य घ्यावें लागलें नाहीं, आणि संमेलनांत त्याच जुन्या गिटारच्या सहाही तारा स्पष्ट ऐकूं आल्या. पहिल्या रांगेंत बसलेल्या वडिलांच्या मुद्रेवरील चिंता तेव्हां पार मावळली होती. कोणतीही वस्तु टाकाऊ ठरविण्यापूर्वीं ती कशी चालते हें समजून घ्यावें, एवढाच बोध येथें घेण्याजोगा आहे.