लांडग्याच्या रक्तातला पामेरियन

टीचभर जीव, पण दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. खऱ्या पामेरियनचं वजन जेमतेम दोन-तीन किलो. (आपल्याकडे सर्रास पामेरियन म्हणून मिरवतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ, 'हम आपके हैं कौन'मधला टफीही त्यातलाच.) आणि याचे पूर्वज? बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनियातले चांगले दांडगे कुत्रे! हा मुलूख आज जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटला गेलाय.

थॉमस गेन्सबरोने 1777च्या सुमारास रंगवलेली पामेरियन कुत्री आणि तिचं पिल्लू लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. निमुळतं तोंड, ताठ कान, भरदार अंग. मला तर तिच्यात आधी लांडगाच दिसतो.

मग 1888 साली व्हिक्टोरिया राणी फ्लॉरेन्सला गेली आणि मार्को नावाचा पामेरियन घेऊन परतली. तो साडेपाच किलोच्या आसपासचा, म्हणजे तेव्हाच्या मानाने लहानखुरा. 1891मध्ये राणीचे पामेरियन क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात झळकले. राणीला आवडलं ते सगळ्यांनाच हवं झालं. पैदासकार दर पिढीत लहानांतली लहान पिल्लं निवडत गेले. 1912 साली टायटॅनिकमधून तीन कुत्रे वाचले, त्यांत दोन पामेरियन. कुशीत लपवून लाइफबोटीत नेता येईल इतपत ही जात तोवर आटली होती.

शे-दीडशे वर्षांत एवढा फरक? निसर्गाला इतकी घाई कशी जमली?

घाई झालीच नव्हती. कुत्र्यांच्या आकारात आयजीएफ-1 या जनुकाचा मोठा वाटा असतो, हे 2007मध्ये कळलं होतं. या जनुकाची क्रिया कमी-जास्त करणारा डीएनएतला नेमका बदल 2022मध्ये सापडला. त्याची दोन रूपं: एक अंग वाढवणारं, एक आखूड ठेवणारं. शास्त्रज्ञांना वाटत होतं, लहान करणारं रूप माणसाने कुत्रा पाळल्यावर कधीतरी उपजलं असेल. मग त्यांनी प्राचीन डीएनए तपासला, तर ते सैबेरियातल्या 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्यात निघालं! तेव्हा जगात कुत्रा नावाचा प्राणीच नव्हता.

म्हणजे मूळ रूप लहानाचंच. अंग वाढवणारं रूप नंतरचं. पैदासकारांनी नवं काही घडवलं नाही, रक्तात मुरलेलं जुनंच वेचून घट्ट केलं. आणि हे रूप एकट्या पामेरियनकडे नाही. आपले कोल्हे आणि अमेरिकेतले कायोटीसुद्धा तेच बाळगून हिंडतात, कुठल्याही राणीची मर्जी न राखता.