रंग गेला, विष गेले का?

सोलापुरी चादरीचा रंग पक्का, हे आपण अभिमानाने सांगतो. पण धुण्याने न जाणारा रंग नाल्यात सोडल्यावरही लवकर नष्ट होत नाही. सूत रंगविताना सगळा रंग सुतावर बसत नाही. उरलेला रंग मिठासह हौदाबाहेर पडतो आणि प्रक्रिया न करता सोडल्यास जमिनीत मुरून विहिरी-बोअरपर्यंत पोहोचू शकतो.

यांतील बरेच रंग ‘ॲझो’ वर्गातले असतात. सगळेच घातक नसतात. पण काहींचे विघटन होऊन ‘अमाइन’ द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी बेन्झिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. रंग कारखान्यातील कामगारांचा हा आजार जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिला होता. आपल्याकडे बेन्झिडीनयुक्त ४२ रंगांवर १९९३ मध्ये आणि आणखी ७० ॲझो रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. जमिनीत आधीच मुरलेले मात्र कायद्याने निघत नाही.

मोठी शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही, ही लहान कारखानदाराची तक्रार खोटी नाही. कमी खर्चात जीवाणूंकडून काम करून घेता येते. बंद टाकीत, हवा नसताना, काही जीवाणू रंगाचे रेणू तोडतात व पाणी निवळते. येथेच थांबणे धोक्याचे! तयार झालेली अमाइन द्रव्ये बहुधा रंगहीन असतात. त्यांच्या नाशासाठी पुढच्या टाकीत भरपूर हवा खेळवावी लागते. त्यानंतर वनस्पतींची मदत होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी झेंडू, गॅलार्डिया अशा बागेतल्या झाडांवर याचे प्रयोग केले आहेत. अर्थात अशा पाण्यावरचा पाला जनावरांना घालू नये.

मीठ मात्र ना जीवाणू खातात, ना झाडे. म्हणून हौदातले पहिले दाट पाणी धुण्याच्या पाण्यात न मिसळता वेगळे ठेवावे. ते थोडे असते. तळाला अस्तर दिलेल्या उथळ कुंडात आटवता येते. सोलापूरच्या उन्हाला पैसे पडत नाहीत. तळाशी उरणारा गाळ मात्र घातक कचरा समजूनच त्याची विल्हेवाट लावावी.

घरी काय करावे? पाणी उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. तुरटीवरही भरवसा ठेवू नये. रंगाचा वा वासाचा संशय असलेल्या विहिरीचे पाणी तपासणी होईपर्यंत पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. रंगकाम करणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत. लघवीतून रक्त गेल्यास, दुखत नसले तरी, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे आणि पूर्वी केलेले रंगकामही आवर्जून सांगावे. असा आजार कधी कधी काम सोडल्यावर वीस वर्षांनीही दिसतो.