असईची लढाई टेबलावर मांडताना
२३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई. गाव आज जालना जिल्ह्यात, १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातलं. खेळायला २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे, पण ६ मिलिमीटरचेच घ्यावेत. तेही माणसापेक्षा साधारण ३०० पटच लहान. त्याच मापाने तीन किलोमीटरचं मैदान दहा मीटर लांब होईल. म्हणून जमिनीचं माप वेगळं, आणखी बारीक ठेवतात. मराठा सरदार शिंद्यांच्या कवायती पलटणींना दोन फासे द्यावेत: बेरीज सात ३६ पैकी सहा वेळा, बारा एकदाच. मधले आकडेच जास्त पडतात, त्यातून शिस्तीचा भरवसा दिसतो. केळणा नदी ओलांडायचा उतार मात्र फाशावर मुळीच सोडू नये. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसताच इंग्रज सेनापती वेलस्लीने तो तर्काने ओळखला होता. खेळाडूनेही नकाशा वाचूनच शोधावा.