उपाशी आणि उपवासाचे

पेट स्कॅनच्या खोलीबाहेर आमचा पहिला प्रश्न ठरलेला : "काही खाल्लंय का?" आजी ठामपणे म्हणाल्या, "छे रे, कडक उपवास आहे." बोटाला सुई टोचली, ग्लुकोमीटरवर आकडा आला २१४. मुलगा चपापला. आजी मात्र शांत. "वाटीभर साबुदाण्याची खिचडी तेवढी घेतली. वर एक केळं."

चूक आमचीच. सूचनांच्या कागदावर 'उपवास करून यावे' असं आम्हीच छापलं होतं.

आम्ही टोचतो ते एफडीजी म्हणजे ग्लुकोजचा किरणोत्सारी तोतया. मेंदूच्या पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पुढे पचवता येत नाही, म्हणून तो तिथेच अडकतो आणि यंत्राला दिसतो. रक्तात खिचडीची खरी साखर भरलेली असली, की तोतयाला दारात कोण उभं करणार? डोस उद्यावर ठेवता येत नाही. त्यातलं फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. तो वाया गेला. कागदावर मी पेनाने लिहिलं : साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचा लाडूही नाही.

पुढच्या खेपेला आजी खरोखर उपाशी आल्या. टोचल्यानंतर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं असतं. त्या ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होत्या. तीही थांबवावी लागली. रिपोर्टमध्ये शब्द आला 'वयानुरूप'. मुलाने मला कोपऱ्यात गाठलं, "म्हणजे सुरुवात झाली का?"

नाही. कपाळामागचा भाग किंचित मंद होता, एवढंच. अल्झायमरमध्ये सहसा आधी कानशिलाकडचे आणि डोक्याच्या मागच्या अंगाचे भाग विझू लागतात. आजींचे ते लख्ख होते.

या 'वयानुरूप'मागे एक मुंबईकर आहे, हे आमच्या धंद्यातही फार जणांना ठाऊक नसतं. डॉ. दराब दस्तुर, पुढे जे. जे. रुग्णालयाच्या न्यूरोपॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ते सीमोर केटी, लुई सोकोलॉफ यांच्या चमूत होते. तेव्हा स्कॅनर कुठला? माणसाला दहा मिनिटं लाफिंग गॅस हुंगवायचा, एक सुई धमनीत, दुसरी मानेतल्या मोठ्या शिरेत वर कवटीच्या तळापर्यंत, आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं याचा हिशेब मांडायचा. सरासरी ७१ वर्षांचे धडधाकट म्हातारे आणि २१ वर्षांचे तरुण. रक्तप्रवाह सारखा, ऑक्सिजनचा खप सारखा, ग्लुकोजचा मात्र म्हाताऱ्यांमध्ये कमी. १९६३मध्ये हे छापून आलं. ऑक्सिजन तेवढाच जळतोय, तर साखर कमी कशी पुरते? हे कोडं तसंच पडून राहिलं.

एफडीजी आल्यावर वाद पेटला. १९८२मध्ये लॉस एंजेलिसच्या डेव्हिड कूल यांनी वयाबरोबर खप घटतो म्हटलं. लगेच पुढच्या वर्षी रंजन दुआरा आणि सहकाऱ्यांनी २१ ते ८३ वयाचे २१ निरोगी पुरुष तपासून सांगितलं, वयाशी संबंध दिसत नाही. दस्तुरांनी १९८५मध्ये आपले जुने आकडे पुन्हा मांडले. सेंट लुईसच्या गोयल, रेकल मंडळींनी २०१७मध्ये २० ते ८२ वर्षांच्या माणसांत ग्लुकोज आणि ऑक्सिजन दोन्ही मोजले. ग्लुकोजची घट ऑक्सिजनच्या घटीपेक्षा जास्त निघाली.

मुलाला मी हे चुलीच्या भाषेत सांगितलं. लाकूड चुलीतही जातं आणि घराच्या डागडुजीलाही. तरुण मेंदू काही साखर न जाळता वापरतो, बहुधा जोडण्या बांधायला, दुरुस्तीला. वयाबरोबर हा दुसरा वाटा आटतो. चूल बऱ्यापैकी पेटती राहते. आणि आमचं यंत्र नुसतं लाकूड मोजतं, ते गेलं कुठे हे सांगत नाही.

आजी खुर्चीतून ऐकत होत्या. "डागडुजी राहू दे," त्या म्हणाल्या, "आता खायला मिळेल का काही?"