बिलिंग मशीन पत्ता घेत नाही

९.४० : मेट्रोतून उतरून घाटकोपरचा पूल ओलांडतोय तोच लाइनमनचा फोन. "सर, पंतनगरच्या फरसाणवाल्याने नवा राउटर बसवलाय. मोबाइल सगळे चालतात, आपलं मशीन तेवढं आयपी घेत नाही."

१०.१५ : लॉग मागवला. राउटर पत्ता देतोय, मशीन नाकारतंय. लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, ३६०० सेकंदांची, आणि ती रिन्यू करायची वेळ, म्हणजे टी-१, तीही ३६००. आकडे बसत नाहीत म्हणून आमचं सॉफ्टवेअर अख्खी लीजच फेकून देतं.

११.०० : यावर वाद झाला, जेवणापर्यंत चालला. पत्ते वाटण्याचे नियम सांगणाऱ्या १९९७ च्या आरएफसी २१३१ प्रमाणे टी-१ निम्म्या मुदतीला, टी-२ तिच्या ८७.५ टक्क्यांना. म्हणजे इथे १८०० आणि ३१५०. आधी ज्याने पत्ता दिला त्यालाच विचारायचं, त्याने दाद दिली नाही तर टी-२ नंतर नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारायची. आमच्या मॅडमचं म्हणणं, चुकार राउटर खपवून घेतले तर ते सुधारणार कधी? इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये घेताना उदार राहा म्हटलं होतं, पण २०२३ च्या आरएफसी ९४१३ ने त्याच उदारपणाचे तोटे मांडलेत. खरं आहे. पण शिक्षा राउटरवाल्याला कुठे होते? बिलं अडतात फरसाणवाल्याची. शिवाय टी-१, टी-२ हे दोन आकडे सर्व्हरने पाठवलेच पाहिजेत असंही नाही. नसले तर आपण काढतोच ना? मग वेडेवाकडे आले तर आलेच नाहीत असं धरू.

२.३० : बदल चार ओळींचा, खाचाखोचा जास्त. टी-२ जर १५०० आला, तर आपला निम्म्याचा १८०० त्याच्या पुढे जातो. म्हणून जोडी जमत नसेल तर दोन्ही टाकायचे. ४२९४९६७२९५ म्हणजे बेमुदत लीज, तिथे गुणाकाराच्या फंदात पडायचंच नाही. लीजच्या मुदतीला मात्र हात लावला नाही. ती संपली की पत्ता सोडायचाच, कारण राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देऊन बसेल.

५.१५ : १२० सेकंदांची लीज लावून चाचणी. साठाव्या सेकंदाला विचारणा गेली. सर्व्हरची वायर काढली. १०५ ला हाक, १२० ला पत्ता गेला. बरोबर.

७.२० : लाइनमनने पेनड्राइव्हवरून नवं सॉफ्टवेअर चढवलं, मशीन जोडलं गेलं. लॉगमध्ये 'टी-१ अमान्य, स्वतः काढला' ही ओळ येते. मॅडमनी तेवढी अट घातली होती. राउटरचं मॉडेल लिहून आण, कंपनीला कळवायचंय, असं त्याला सांगितलं.